बायकोचं ब्लू कार्ड आणि माझे नाशकात अडकलेले पाच महिने

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. नवरा-बायको दोघांनी जर्मनीला जायचं असेल तर दोघांचे अर्ज एकाच वेळी टाका. "एकाने पुढे जाऊन सेटल व्हायचं, दुसरा महिन्याभरात येतोच" असं जो कोणी सांगेल, मग तो एचआर असो, एजंट असो नाहीतर तिकडे दहा वर्षं राहिलेला मावसभाऊ असो, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आमच्यात नोकरी बायकोची. जानेवारी २०२४ मध्ये तिला दक्षिण जर्मनीतल्या एका कंपनीची ऑफर आली, पगार ब्लू कार्डात, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यात, बसणारा (त्या वर्षीची किमान पगाराची मर्यादा वर्षाला ४५,३०० युरो होती, माणसांची कमतरता असलेल्या कामांसाठी ४१,०४१.८० युरो, दरवर्षी बदलते त्यामुळे तुमच्या वर्षाची बघा). कंपनीने तिच्यासाठी फास्ट-ट्रॅक केलं. म्हणजे कंपनी तिकडच्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात, आउसलेंडरबेहोर्डमध्ये, ४११ युरो भरते, तिथून आधीच संमतीपत्र येतं आणि मग भारतात अपॉइंटमेंट आणि व्हिसा दोन्ही पटापट होतं. तिचं सगळं मिळून सहा आठवड्यांच्या आत झालं. एप्रिलमध्ये ती गेलीसुद्धा.

आता खरी मेख ऐका. त्याच फास्ट-ट्रॅकमध्ये नवरा किंवा बायको आणि लहान मुलं यांनाही घेता येतं, अर्ज सोबतच करायचा असेल तर. कायद्यातच तशी सोय आहे. हे आम्हाला कधी कळलं? ती जाऊन एक महिना झाल्यावर, तिच्याच टीममधल्या एका तुर्की मुलाकडून, कॅन्टीनमध्ये. त्याने एचआरला विचारलं होतं, त्याची बायको त्याच्यासोबत विमानातून उतरली. आम्ही पण विचारलं होतं हो! उत्तर आलं होतं की डिपेंडंटचं नंतर होऊन जातं, ती फॉर्मॅलिटी आहे, काळजी करू नका. एका अर्जावर एक नाव टाकायचं होतं, बस. कुणाच्या तरी टेबलावर पाच मिनिटांचं काम वाचलं आणि इकडे माझे पाच महिने गेले.

आणि मी काय केलं, तर "महिन्याभरात होतंय" म्हटल्यावर राजीनामा देऊन टाकला. अंबड एमआयडीसीत बरी चाललेली नोकरी होती, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड, म्हटलं वेळेत सुटू. सुटलो वेळेत. जुलैपासून घरी. आई रोज सकाळी "अरे, आलं का काही?" आणि कॉलनीतले काका रोज संध्याकाळी "काय, सूनबाई पुढे आणि तुम्ही मागे? बरंय, बरंय." त्यामुळे नियम दुसरा: व्हिसाचा स्टिकर लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. नोटीसचं काय करायचं ते नंतर बघता येतं, जॉइन व्हायची तारीख तुमची नाहीये, तिची आहे.

एजंटचं प्रकरण. नाशिकमध्ये बोर्ड लावून बसलेला होता, नाव लिहीत नाही. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही चुकीच्या. पहिली, "सर, ए-वन जर्मनशिवाय स्पाउस व्हिसाच नाही." ए-वन म्हणजे भाषेची अगदी पहिली पातळी. साध्या केसमध्ये खरं आहे, पण जोडीदाराकडे ब्लू कार्ड असेल तर ए-वनची अट नाही. मी सतरा हजार भरून ओळखीतल्याच क्लासला बसलो. ते पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, भाजीवाल्या बाईशी आज चार शब्द बोलता येतात ते त्यामुळेच, पण अट म्हणून घाबरवून विकलं त्याचा राग आहे.

दुसरी गोष्ट अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरावा म्हणून लावतात तो सरकारी शिक्का. मॅरेज सर्टिफिकेटला अपोस्टिल लागणारच म्हणून ९,५०० रुपये घेतले. मंत्रालयात जाणार, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, "खूप फॉलोअप असतो सर". परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये. पन्नास! बरं, एजन्सीचा चार्ज, प्रवास, सगळं धरा, तरी साडेनऊ हजार कुठून येतात? आणि त्याहून भारी म्हणजे भारत अपोस्टिल करारात आला तेव्हाच जर्मनीने त्याला हरकत घेतली होती, त्यामुळे भारतातलं अपोस्टिल जर्मनीच्या हिशेबात धरलंच जात नाही. त्यांना कागदाबद्दल शंका आली तर ते इथल्या वकिलाकडून स्वतः पडताळणी करून घेतात, त्याचा खर्च आपल्याकडून घेतात आणि त्यात महिने जातात. म्हणजे मी साडेनऊ हजाराचा जो चौकोनी स्टिकर घेतला तो मी कपाटाला चिकटवला असता तरी चाललं असतं.

खरं काम ज्याचं होतं ते एजंटने बघितलंच नाही. आमचं लग्न सिन्नरकडे गावी झालं, नोंदणी ग्रामपंचायतीत, ग्रामसेवकाच्या सहीचं नमुना ई सर्टिफिकेट, सगळं मराठीत आणि अर्धं हाताने लिहिलेलं. महापालिकेचं सर्टिफिकेट बहुतेक वेळा मराठी-इंग्रजी दोन्ही असतं, तुमचं तसं असेल तर देवाचे आभार माना. एजंटने इंग्रजी भाषांतर करून नोटरी मारून दिलं. अर्ज गेल्यावर तीन आठवड्यांनी मेल आला की जर्मन भाषांतर द्या. मग पुण्यातला एक भाषांतरकार शोधला (वकिलातीच्या साइटवर भाषांतरकारांची यादी असते, तिथूनच घ्या), त्याने दोन पानांचे वाजवी पैसे घेतले आणि चार दिवसांत दिलं, शिवाय बघता बघता सांगितलं की तुमच्या लग्नाची तारीख आकड्यात आणि अक्षरात वेगवेगळी आहे. ग्रामसेवकाची चूक! एवढी फी घेणाऱ्या माणसाला दिसली नाही ती. परत गावी, परत नवीन सर्टिफिकेट. तेव्हा अर्जाच्या आधी घरी बसून पासपोर्ट आणि सर्टिफिकेट शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. बायकोचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर असेल आणि आधारवर नंतरचं असेल तर घाबरू नका, इकडे पासपोर्टच चालतो, फक्त सर्टिफिकेटवर लग्नाआधीचं पूर्ण नाव पासपोर्टसारखंच असलं पाहिजे. मध्येच वडिलांचं नाव गाळलेलं, किंवा देशमुख एकीकडे असं आणि दुसरीकडे वेगळ्या स्पेलिंगने, हे चालणार नाही.

मुंबईला अर्ज द्यायला सकाळी साडेआठची वेळ होती. पंचवटी एक्सप्रेस उपयोगाची नाही, ती पोहोचेपर्यंत वेळ गेलेली असते. पहाटे तीनला मित्राच्या गाडीने निघालो, कसारा व्यवस्थित उतरलो आणि भिवंडीच्या आसपास कंटेनरांच्या रांगेत खड्ड्यांत एक तास बसलो. आदल्या रात्री मुंबईत जाऊन राहा, एवढंच सांगतो. अर्ज द्यायचं काम तसं सोपं, वीस मिनिटं, बोटांचे ठसे, फी ७५ युरोच्या हिशेबाने रुपयांत. दोन सेट न्या, दोन्ही एकाच क्रमाने लावलेले. पोहोचल्यापासून तिकडचा विमा सुरू होईपर्यंतचा ट्रॅव्हल इन्शुरन्स मागतात, तो महागडा घेऊ नका, साधा पण अटीत बसणारा घ्या. आता बऱ्याच गोष्टी ऑनलाइन पोर्टलवर अपलोड करून सुरू होतात, त्यामुळे माझ्या वेळची पद्धत जशीच्या तशी धरू नका, पण कागद तेच आहेत. आणि एक, नकार आला तर पूर्वी फुकटात फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो १ जुलै २०२५ पासून बंद केलाय, आता एक तर नव्याने अर्ज नाहीतर थेट कोर्ट. म्हणून वरची अक्षरं जुळवायची कटकट आधी करा.

मग वाट बघणं. फाइल जर्मनीतल्या त्या शहराच्या ऑफिसकडे जाते आणि तिथे पडते. मेल केलं तर ऑटोमॅटिक उत्तर, फोन केला तर संगीत. बायको दोनदा सकाळी रजा टाकून तिथे जाऊन उभी राहिली, दारावरच्या माणसाने दोन्ही वेळा ऑनलाइन जा म्हणून परत पाठवलं. शेवटी काय चाललं माहितीये? तिने जर्मन सहकाऱ्याकडून चार ओळींचं साधं पत्र लिहून घेतलं, फाइल नंबर, माझं नाव, जन्मतारीख, अर्जाची तारीख, आणि ते पोस्टाने पाठवलं. कागदी पत्र! नऊ दिवसांत उत्तर आलं. गणपती माझे एकट्याचे गेले, आरती व्हिडिओ कॉलवर, तिकडे तिच्या फ्लॅटमध्ये शेजारी झोपलेले म्हणून ती टाळ्या न वाजवता म्हणत होती. हा भाग लिहिताना अजून डोकं तापतं म्हणून सोडून देतो.

१८ ऑक्टोबरला पासपोर्ट आला. तिथल्या तिथे बघा, नाव, तारखा आणि काम करायची परवानगी. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते, स्टिकरवर एरव्हेर्ब्सटेटिगकाइट (म्हणजे कमाईचं काम) आणि पुढे परवानगीचा शब्द असतो, तो असल्याची खात्री करा.

विमान, एअरपोर्ट, ट्रेन सगळं ठीक. ती घ्यायला आली होती. दिवाळी तिकडे झाली, आईने दिलेला चिवडा कस्टममध्ये कुणी विचारला नाही. पुढे.

पोहोचल्यावरचा सापळा घराचा. नवीन घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. बायकोने पहिल्यांदा फर्निश्ड वन रूम घेतली होती, एका माणसासाठी. मालक म्हणाला दुसऱ्याची सही देणार नाही. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, रेसिडेन्स कार्ड नाही, काही नाही. अडीच आठवडे मी कागदोपत्री कुठेच नव्हतो. भाडं कितीही चांगलं वाटलं तरी करार करतानाच विचारा: दोघांची नोंदणी होईल का? नाही म्हणाला तर पुढचं घर.

आणि लेटरबॉक्स. आमची आडनावं वेगळी. दारावरच्या बेलवर आणि पेटीवर फक्त तिचं आडनाव होतं, माझ्या टॅक्स नंबरचं पत्र परत गेलं. इथे पोस्टमन नावावरून टाकतो, फ्लॅट नंबर वगैरे काही नसतं. पहिल्या दिवशी कागदावर लिहून सेलोटेपने लावा, मालकाची पाटी येईल तेव्हा येईल. कार्डाचा पिनही पोस्टानेच येतो.

रेसिडेन्स कार्ड वेळेत मिळत नाही म्हणून मध्ये एक हिरवट कागद देतात, फिक्टिओन्सबेशाइनिगुंग. त्यावर कुठल्या चौकोनात फुली आहे ते बघा. कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ असेल तर बाहेर पडलात की परत यायचे वांधे. भावाच्या लग्नाची तिकिटं काढायच्या आधी हे बघा. काउंटरवरची बाई आपणहून सांगत नाही.

पैशाचं एक महत्त्वाचं. जोडीदार भारतात असताना बायको टॅक्स क्लास १ मध्ये, म्हणजे जवळपास अविवाहित माणसासारखं कापतात. मी आल्यावर दोघांचा क्लास ४-४ झाला आणि मग आम्ही अर्ज करून ३-५ घेतला, म्हणजे तिला ३ आणि मला ५, त्यात तिच्या पगारातून कमी कापतात, कारण मी कमवत नव्हतो. पण वर्षाच्या शेवटी एकत्र रिटर्न भरता येतं आणि त्यासाठी जोडीदार त्या वर्षात कधीही इकडे राहायला आलेला पुरतो, मग डिसेंबर का असेना. त्यामुळे डिसेंबर की जानेवारी असा प्रश्न पडला तर डिसेंबरचं तिकीट काढा, महाग पडलं तरी. भारतातली त्या वर्षाची कमाई टॅक्सचा दर ठरवताना धरतात, त्यामुळे फॉर्म १६ सोबत आणा. सरकारी हेल्थ इन्शुरन्स असेल तर न कमावणारा जोडीदार त्यातच फुकट बसतो, २०२५ ला महिन्याला ५३५ युरोपर्यंत कमाई चालत होती. एजंट लोक जोडीदारासाठी वर्षभराचा वेगळा विमा विकतात, नको म्हणा.

दोघांचेही जन्मदाखले मात्र आणा, व्हिसाला कुणी मागितले नाहीत तरी. इथे मूल झालं तर जन्मनोंदणीच्या ऑफिसात ते लागतात आणि आमच्या ओळखीतली एक जोडी त्यापायी डिलिव्हरीनंतर दोन महिने नाशिकच्या महापालिकेत काकांना पाठवत होती.

अपोस्टिलवालं सर्टिफिकेट फाइलमध्ये अजून आहे. पत्ता नोंदवायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने ते पान उलटं केलं, स्टिकरवर बोट ठेवलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, आमच्याकडे लावतात.