सेडीच्या गल्लीत

रविवार होता, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमधले आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे गाळे बंद होते. मला ते बरंच वाटलं. ज्या ‘सेडी’ गाण्यासाठी आले होते, तेही रविवार सकाळचंच आहे. टेबलावर न्याहारी मांडलेली, पण खायला वेळ नाही. आई पोराला चर्चच्या संडे स्कूलला पिटाळते आहे.

बाराव्या रस्त्याने उत्तरेला चालत गेलं की काही मिनिटांत २१२ नंबरची इमारत येते. इथे जो टार्सिया यांनी १९६८ मध्ये सिग्मा साउंड स्टुडिओ सुरू केला. आज आत काही वाजत नाही. बाहेर राज्य सरकारची निळी पाटी आहे, पिवळ्या अक्षरांची. तिच्याखाली उभी राहून मी कानात ‘सेडी’ लावलं.

हे गाणं द स्पिनर्स या गायकांच्या गटाचं. ते मूळचे डेट्रॉइटकडचे. निर्माते टॉम बेल त्यांना या शहराच्या सुरात घेऊन आले, आणि १९७४ च्या ‘न्यू अँड इम्प्रूव्ह्ड’ अल्बममध्ये हे गाणं आलं. गाण्याआधी नुसतं बोलणं आहे: ज्यांना आईची आठवण जपायची आहे, त्यांच्यासाठी हे गाणं. मग गटातला फिलिप विन गायला लागतो. सुरुवातीला घरातल्या घरात बोलावं तसा. शेवटी मात्र तो आईला हाका मारत राहतो, शब्द मोडतो, पुन्हा जोडतो. १९८४ मध्ये ओकलंडला स्टेजवर गाता गाताच तो कोसळला आणि गेला.

१९९३ मध्ये आर. केली या गायकाने हेच गाणं म्हटलं. त्याच वर्षी त्याची आई वारली होती. चाल संथ, आवाज मऊ. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना ‘सेडी’ आधी त्याच्याच आवाजात भेटलं, मलाही. २०२१ मध्ये मुलींच्या आणि बायकांच्या लैंगिक शोषणासाठी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं. त्यानंतर ते मला ऐकवत नाही. मूळ गाण्याकडे मी परत आले ती त्यानंतरच.

आणि परत आल्यावर एक गोष्ट कानात अडकली. इथे मुलगा आईला नावाने हाक मारतो. सेडी. आपल्याकडच्या गाण्यांत आई म्हणजे आईच, तिला नाव नसतं. माझ्या आईचं तर लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि जन्माचं नाव माहेरी राहिलं. त्या नावाने तिला हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय, थोरली मावशी.

तिकडे रात्रीचे साडेआठ झाले असतील. पाटीखालूनच मावशीला फोन लावला.

“आईला तू काय हाक मारायचीस गं?”

ती आधी दचकली. मग नाव घेतलं, शेवटचा स्वर लांबवून, परसातून बोलवावं तसं. ते नाव इथे लिहीत नाही.

“इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलंस बाई,” ती म्हणाली, आणि विहिरीवरची एक गोष्ट सांगायला लागली. मी फुटपाथच्या कडेला बसून घेतलं.