म्हाताऱ्या गिनीपिगला गाठ लागली तर

गिनीपिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. म्हणजे चौथं वर्ष सरलं की तो म्हातारा धरायचा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच्या सगळ्या अंगावरून बोटं फिरवायची. कधी ना कधी बोटाखाली काहीतरी लागतंच. लागलं की पहिल्यांदा हात शिवशिवतात ते दाबून बघायला, आतून काही येतंय का ते पाहायला. तेवढं करू नका. गाठीला आतून पातळ पिशवी असते. बाहेरून जोर दिला की ती बऱ्याचदा कातडीच्या आतच फुटते, आतला पू किंवा दह्याच्या चोथ्यासारखा मळ मांसात पसरतो आणि वाटाण्याएवढ्या गाठीचं सुपारीएवढं दुखणं होऊन बसतं.

हाताला लागलेलं सगळंच गाठ नसतं. बरगड्या संपतात तिथे मधोमध एक टोकदार कूर्चा असते, ती सगळ्यांनाच असते. पोटात माळेसारखे ओळीने बारीक गोळे लागले तर त्या लेंड्या. शेपटीच्या जागी, पाठीच्या अगदी शेवटाला, तेल सोडणारी ग्रंथी असते. नरांमध्ये तिथे काळपट चिकट थर साचतो आणि तो खपलीसारखा टणक होतो. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग सौम्य साबणाने धुवा आणि नीट कोरडं करा, थर निघून येतो. म्हाताऱ्या नराच्या गुदद्वाराजवळ मऊ फुगवटा दिसला तर बहुतेक वेळा तिथल्या पिशवीत मऊ लेंड्या तुंबलेल्या असतात. त्या वयात स्नायू ढिले पडतात. तेलाचं बोट लावून रोज हलक्या हाताने ती जागा मोकळी करावी लागते.

खरीच गाठ असेल तर त्याच दिवशी मोजा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि साधी पट्टी पुरते. मोठ्या गिनीपिगचं वजन ७०० ते १२०० ग्रॅमच्या आसपास असतं. वीस-तीस ग्रॅमचा फरक रोजचाच, पण आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर सावध व्हायचं आणि शंभर उतरलं तर थांबायचं नाही. गाठीची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. मग दोन बोटांच्या चिमटीत अलगद धरून बघा: कातडीबरोबर सरकते की खालच्या मांसाला चिकटली आहे, पिकल्या करवंदासारखी दबते की काजूच्या बीसारखी टणक आहे, गरम लागते का, हात लावताच जनावर अंग चोरतं का. डॉक्टरांना तुमच्या घाबरलेल्या वर्णनापेक्षा या चार ओळी जास्त उपयोगी पडतात. पाठीवरची लहान, सरकणारी, न दुखणारी गाठ आठ दिवस पाहायला हरकत नाही. मानेची, काखेची आणि जांघेची गाठ मात्र पाहत बसायची नाही.

पाठीच्या खालच्या भागातली गाठ बहुधा केसांच्या मुळांपासून झालेली असते. ट्रायकोफॉलिक्युलोमा हे तिचं नाव. गिनीपिगच्या कातडीच्या गाठींत हीच सगळ्यांत जास्त आढळते आणि ती कर्करोगाची नसते. महिनोन्‌महिने सावकाश वाढते, वरचे केस विरळ होतात, मध्ये एखादं काळं तोंड दिसतं. मग एक दिवस ती फुटते, राखाडी चिकट मळ आणि थोडं रक्त येतं. धोका असतो तो या फुटण्याचा, कारण उघड्या ओल्या जखमेवर माशी बसते.

मानेखालच्या गाठीचं वेगळं. जबड्याखाली एक किंवा दोन गोळे चार-आठ दिवसांत उठले, तर ते बहुतेक गळू असतं. कोकणात पावसाळ्यात वाळलं गवत मिळत नाही म्हणून भाताचा पेंढा घातला जातो. पेंढ्यात कस कमी, आणि कडा धारदार. त्याची कुसळं हिरड्यांत, गालात टोचतात, तिथून जंतू शिरतात आणि मानेतल्या लसिका ग्रंथी पिकतात. आपल्याकडे अवधाण म्हणतात तसंच, पण हे आपोआप ओसरत नाही. स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंमुळे झालं असेल तर सोबतच्या गिनीपिगलाही लागतं, म्हणून पिंजरा वेगळा करा आणि हात धुऊनच दुसऱ्याला उचला. दाढेच्या मुळाशी पू झाला तरी जबड्याला गोळा येतो. त्यात आधी लाळ गळते आणि खाताना तोंडातून घास पडतो.

मानेच्या दोन्ही बाजूंना, काखेत आणि जांघेत एकाच वेळी टणक गोळे लागले, जनावर खंगत चाललं, तर लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, शंका घ्यावी लागते. मानेच्या पुढच्या बाजूला गाठ, भरपूर खाणं आणि तरी वजन उतरणं, असं चित्र असेल तर थायरॉइडची तपासणी मागा.

गिनीपिगला सडं दोनच असतात, जांघेजवळ, नरालाही आणि मादीलाही. तिथली गाठ नरात आहे म्हणून सोडून देऊ नका. नरांना स्तनाची गाठ होते आणि ती वाईट निघण्याची शक्यता बरीच असते. सडातून रक्त किंवा पाणी येत असेल तर आठवडा पाहण्याचाही प्रश्न नाही. म्हाताऱ्या मादीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखे झडले आणि पोट फुगलं तर ते बीजकोशातलं पाण्याचं आवाळू असू शकतं. पोट दाबून बघू नका, सोनोग्राफीत ते दिसतं. चरबीची मऊ गाठ निघाली तर तिला काहीच करावं लागत नाही.

हाताला काय लागतं त्यावरून गाठीचा फक्त अंदाज येतो. खात्री सुईने होते. बारीक सुई टोचून आतलं थोडं काचेच्या पट्टीवर घेतात, त्याला भूल लागत नाही. पू, मळ आणि चरबी तिथल्या तिथे ओळखू येतात. पेशी असतील तर पट्टी हवेवर वाळवून पशुरोगतज्ज्ञाकडे पाठवायची. ही पट्टी आणि फॉर्मेलिनची (मांस टिकवायच्या द्रावणाची) बाटली एकाच डब्यात ठेवू नका, त्या वाफेने पट्टी वाचता येत नाही. गाठ कापून काढली असेल तर ती मात्र १० टक्के फॉर्मेलिनमध्येच, गाठीच्या दहापट द्रावणात पाठवायची. ती फ्रीजरमध्ये ठेवली की तपासणीच्या कामाची राहत नाही.

घरच्या उपायांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सुजेवर बिब्बा, चुना-हळद, गरम पोटीस हे आपल्याकडे कुणीही सुचवतं. बिब्ब्याने माणसाची कातडी उतते, मग एक किलोच्या जनावराच्या पातळ कातडीचं काय होईल? शिवाय ते चाटतं. जखमेत किडे पडले की गुरांना टर्पेंटाइन घालतात, तेही इथे विष आहे.

त्याहून मोठी चूक औषधाची होते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गाईम्हशींत मुरलेले असतात, गिनीपिग त्यांच्याकडे वर्षातून एखादा येत असेल. म्हणून आपणच नम्रपणे विचारायचं. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन गिनीपिगला देत नाहीत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि काही दिवसांत हगवण लागून जनावर जातं. गुरांना सर्रास टोचतात ते पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन याच यादीत येतं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालतं. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम देतात, पण वेगवेगळ्या बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये औषध वेगवेगळं असतं. डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या आणि कुठल्या बाटलीचे किती थेंब, तेही तिथेच लिहून घ्या.

गळूतला पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो. नुसत्या सुईने तो ओढला जात नाही. चीर देऊन पोकळी साफ करतात किंवा पिशवीसकट गळू काढतात. चीर दिलेली असेल तर ती जखम आतून भरून यायला हवी, तोंड आधी मिटलं की पू पुन्हा साठतो. दिवसातून दोनदा कोमट सलाइनने किंवा फिक्या चहाच्या रंगाइतक्या पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने सिरिंजमधून धुवायचं. वरची खपली अलगद ओली करून उचलायची.

शस्त्रक्रिया घाईची नसेल तर आपल्याकडे ती डिसेंबर ते फेब्रुवारीत करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. हवा कोरडी असते, माश्या कमी असतात, आणि लांब जायचं असेल तर घाट उघडे असतात. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर, सिंधुदुर्गातून गोवा, रायगडातून पुणे किंवा परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, कुठेही गेलात तरी प्रवास आहेच. २८ अंशांच्या वर गिनीपिगला ऊन लागू शकतं, म्हणून पहाटे निघा. टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली एका कोपऱ्यात ठेवा, काकडी द्या आणि शक्य असेल तर जोडीदार बरोबर न्या. पाठीवरची गाठ सप्टेंबरात १० मिलिमीटरची आहे आणि जनावर खातंपितं आहे, तर दर आठवड्याला मोजत थंडीपर्यंत थांबता येतं. पुढच्या पावसाळ्यावर मात्र ढकलू नका.

भूल द्यायच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, असं कुणी सांगितलं तर थांबवा. गिनीपिगला उलटी होत नाही, पण पोट रिकामं राहिलं की आतडी बंद पडतात. गवत जवळजवळ शेवटपर्यंत द्यायचं, फक्त तोंडात घास नाही ना ते बघायचं. भूल वायूची आहे का, त्याच दिवशी ग्रॅममध्ये वजन करणार का, टाके कातडीच्या आतून घालणार का, हे आधी विचारून ठेवा. बाहेरचे टाके ते कुरतडतं. गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातली तर बहुतेक जण खाणंच सोडतात.

घरी आणल्यावर पिंजऱ्यात भुसा नको, धुतलेलं सुती कापड घाला आणि दिवसातून तीनदा बदला. वर मच्छरदाणी हवीच. माशीने अंडी घातली की चोवीस तासांच्या आत आळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ जखम आणि शेपटीची जागा उजेडात बघा. दहा-बारा तासांत स्वतःहून खाल्लं नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत तर ती तातडीची वेळ आहे. त्याआधीच हाताने भरवायला लागा: गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून पातळ करा, १ मिलिलिटरच्या सिरिंजने दातांच्या बाजूने, अर्धा-अर्धा मिलिलिटर. एक किलोच्या गिनीपिगला दिवसभरात ५० ते ८० मिलिलिटर लागतं, पाच-सहा वेळांत विभागून. त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्याशिवाय जखम भरत नाही. आजारपणात किलोमागे रोज ३० ते ५० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर हा त्यासाठी चांगला खुराक. ५०० मिलिग्रॅमची गोळी असेल तर तिचा सोळावा भाग पुरतो, चतुर्थांश नाही.

सहा-सात वर्षांच्या जनावराला लिम्फोमा निघाला किंवा जांघेची गाठ पसरलेली असली, तर न कापणं हाही उपचारच आहे. वेदनेचं औषध, मऊ अंथरूण, तोंडाशी गवत आणि रोजचं वजन. आवडती कोथिंबीर पुढे धरूनही तोंड फिरवलं, पाठ कुबड काढून कोपऱ्यात बसून राहिलं, भरवूनही वजन उतरतच राहिलं, तर डॉक्टरांशी शांत मरण देण्याबद्दल बोला आणि आधी पूर्ण भूल देऊन मगच शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगा. नंतर ते शरीर थोडा वेळ जोडीदाराजवळ ठेवा. तो हुंगून बाजूला होतो. पुढचे आठ दिवस त्याचंही वजन रोज करा, एकटा पडलेला गिनीपिग खाणं कमी करतो.