पोलो जीटी टीएसआय : नवे जोडे, १६ बाय ७

मंडळी, मागच्या नोंदीत ब्रेक पॅडपर्यंत आलो होतो. आता चाकांची गोष्ट. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: गाडी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो, १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल), सात गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), १०५ पीएस ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. चाकणला जन्मली, पुण्यातच वाढली. कंपनीने दिलेली चाकं १५ बाय ६ जे (रिमचा व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच), ऑफसेट ४०, टायर १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, भिंत त्याच्या ६० टक्के, रिम १५ इंची). २०१३ मध्ये ही गाडी आली तेव्हापासून सगळ्यांची एकच तक्रार: इंजिनाला दम आहे, पण पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट.

७८,४०० किमी. अजून फक्त कागद

टायरची नक्षी संपत आली होती, त्यामुळे चार टायर घ्यायचेच होते. तेव्हाच रिमही बदलून टाकू, असं मनाने घेतलं. मन या बाबतीत फार पटकन घेतं.

पहिला मोह १७ बाय ७.५ चा. फोटोत गाडी अशी दिसते की जेवण जात नाही. पण वही काढून हिशोब केला. हा हिशोब इथे सविस्तर मांडतो, कारण "ईटी ३५ (म्हणजे ऑफसेट ३५) बसेल का?" हे दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच.

ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो गाडीचा भाग) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे ते. ६ जे ची रिम १५२.४ मिमी रुंद, अर्धी ७६.२. ऑफसेट ४० असल्यामुळे हबपासून आतली कड ११६.२ वर आणि बाहेरची कड ३६.२ वर. आता ७.५ जे, ईटी ३५ घ्या. अर्धी रुंदी ९५.२५. बाहेरची कड ६०.२५ वर गेली, म्हणजे २४ मिमी बाहेर. चाक मडगार्डच्या बाहेर डोकं काढून बघणार, आणि खड्ड्यात बसलं की पत्रा टायरला चावणार. रद्द.

१६ बाय ७ जे, ईटी ३८ चं गणित असं: आतली कड १२६.९, बाहेरची ५०.९. आत १०.७ मिमी सरकली, बाहेर १४.७. हे जमण्यासारखं वाटलं. आपण सगळे बाहेरच्या आकड्यावर भांडतो, कारण तो फोटोत दिसतो. माझी झोप आतल्या १०.७ ने उडवली. आत शॉकअप असतो, आणि पत्रा वाकवता येतो तसा शॉकअप बाजूला सरकवता येत नाही.

टायरच्या मापावरही तीन संध्याकाळी गेल्या. मूळ टायरचा व्यास ६०३ मिमी. २०५/५० आर१६ चा ६११.४, म्हणजे १.४ टक्के जास्त. छान. पण दुकानात हे माप सहज मिळत नाही. जिथे जावं तिथे एकच: "२०५/५५ घ्या ना साहेब, स्टॉकमध्ये आहे, सगळ्या मोठ्या गाड्यांना हाच लागतो." लागत असेल. पण त्याचा व्यास ६३१.९. मूळ टायरपेक्षा जवळजवळ पाच टक्के मोठा, वरच्या बाजूला १४ मिमी जास्त, आणि आधीच लांब असलेले गिअर आणखी लांब. मोठा टायर घेऊन पिकअप घालवायचा असेल तर मग डिझेलच घेतली असती की! २०५/५० साठी साडेतीन आठवडे थांबलो. ब्रँड सांगत नाही, त्यावरून भांडण लागेल आणि मूळ विषय बाजूला राहील. एवढं सांगतो की मूळ टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) ८४ होता म्हणजे ५०० किलो, नव्याचा ८७ म्हणजे ५४५. हा आकडा मूळपेक्षा खाली जाता कामा नये. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. मला आधी दाखवलेली जोडी अडीच वर्षं गोदामात बसलेली होती.

७८,९६० किमी. रिम आल्या

पोलोची पीसीडी ५ बाय १००, म्हणजे पाच बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. एका ठिकाणी मला याच घराण्यातल्या मोठ्या गाडीच्या ५ बाय ११२ च्या रिम दाखवल्या आणि वर "होतं बसून" असं आश्वासन. व्यासात १२ चा फरक म्हणजे प्रत्येक भोक सहा मिमी बाहेर. बसून काहीच होत नाही, फक्त आपण नंतर डोक्याला हात लावून बसतो. दहा भोकांच्या "सगळ्या गाड्यांना चालतात" छापाच्या रिमही नाकारल्या. पाच बोल्ट, पाच भोकं, विषय संपला.

घरी आणून आधी तोलल्या. सामान तोलायचा हूकवाला काटा, तोच. जुनं चाक टायरसकट १६.३ किलो, नवं १९ ला जरा कमी. म्हणजे चाकामागे अडीच-पावणेतीन किलो वाढले. वजनाने हलक्या रिम मिळतात, पण त्यांच्या किमतीत माझा दुसऱ्या हप्त्याचा विचार सुरू होतो. माझ्या चार रिम आणि चार टायर मिळून सत्तर हजारांच्या आत बसले, आणि तेही छातीवर हात ठेवूनच.

मग मातीचा प्रयोग. मुलीच्या खेळण्यातली निळी क्ले विचारून घेतली (परत करायच्या अटीवर, ती अट मोडली). सुपारीएवढा गोळा करून पुढच्या शॉकअपवर, टायर जिथे सगळ्यात जवळ येतो तिथे दाबून बसवला. नवं चाक लावलं, बोल्ट हाताने घट्ट केले, चाक सावकाश एक फेरा फिरवलं, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवलं, चाक काढलं. गोळ्यावर टायरच्या खांद्याची नक्षी स्वच्छ उमटली होती, एकेक रेघ मोजता यावी अशी. व्हर्नियरने जाडी मोजली: ८ मिमी. जुन्या टायरला तिथे १९ होते. आठ मिमी म्हणजे करंगळीसुद्धा जात नाही, पण तिथे एवढी जागा पुरते. शॉकअप आणि चाक एकाच हबला बांधलेले असल्यामुळे खड्ड्यात दोघंही बरोबरच वरखाली होतात.

आता बोल्ट. हे नीट वाचा. आपल्या गाडीला नट नाहीत, एम१४ बाय १.५ चे बोल्ट आहेत आणि कंपनीच्या बोल्टची बैठक (रिमला टेकणारा भाग) गोलाकार असते. बाजारातल्या बहुतेक रिमची बैठक निमुळती, ६० अंशाची. जुने बोल्ट नव्या रिममध्ये घट्ट होतात, छान वाटतं, पण टेकतात फक्त एका बारीक कडेवर. काही शे किलोमीटरनंतर सैल. मी नाना पेठेतून निमुळत्या बैठकीचे वीस बोल्ट आणले. आट्यांची लांबीही तपासली: बोल्टच्या व्यासाएवढे तरी आटे आत जायला हवेत, म्हणजे १४ मिमी, म्हणजे हाताने सव्वानऊ-साडेनऊ फेरे. माझे दहा बसले. शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. दुकानातल्या हवेच्या गनला हात लावू दिला नाही. पोऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या चहात मीठ घातलं.

७९,१०० किमी. थरथर

द्रुतगती मार्गावर पहिल्याच फेरीत ९० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. ८० खाली काही नाही, १०५ च्या वर काही नाही. मधल्या पट्ट्यात हातात मोबाईल व्हायब्रेट व्हावा तसं. जिथे टायर चढवले होते तिथे परत गेलो. पुन्हा बॅलन्सिंग, शिशाची वजनं काढून नवी लावली. थरथर तशीच. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, "दादा, रिम नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो." रिम म्हणजे काय लोणचं आहे का, मुरायला!

घरी जॅक लावला. पोलोच्या हबची मधली गोलाई ५७.१ मिमी, नव्या रिमचं मधलं भोक ७३.१. मधली फट भरायला प्लास्टिकच्या कड्या येतात, हब रिंग. मी चार दिल्या होत्या. पुढच्या डाव्या चाकात नव्हतीच. ड्रायव्हरच्या सीटखाली सापडली, कागदी पिशवीत, बिलासकट. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक शंकूत मध्यभागी धरलं जातं, त्यामुळे तिथे सगळं शून्य दिसतं. गाडीवर मात्र ते केसभर बाजूला बसलेलं. कडी घातली, बोल्ट एकाआड एक क्रमाने कसले, थरथर गायब. पन्नास किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासला. एक बोल्ट अगदी किंचित हलला, बाकी जागच्या जागी.

८०,३०० किमी. रस्त्यावर कशी आहे

ताम्हिणीत दोनदा जाऊन आलो. पूर्वी घट्ट वळणात पुढचा टायर कण्हायला लागायचा आणि गाडी नाक बाहेर टाकायची. आता त्याच वळणात, त्याच वेगात आवाज नाही. ब्रेक जोरात दाबला तर एबीएस उशिरा जागं होतं. हा फरक मला खरा वाटला, मनाचे खेळ नाहीत. शेजारी बसलेल्या मित्राने न विचारता सांगितला.

गेलं काय? सिग्नलवरून निघताना पहिल्या दोन गिअरमध्ये गाडी किंचित आळसावली. १०५ पीएसच्या गाडीला चार चाकांवर अकराएक किलो जास्त म्हणजे जाणवणारच. टायरची भिंत १११ मिमीवरून १०२.५ वर आली, त्यामुळे पेव्हर ब्लॉकच्या कडा आता पाठीच्या कण्यात मोजता येतात. टायर रुंद झाल्यामुळे ट्रकांनी पाडलेल्या खाचांत स्टिअरिंग मनाने इकडेतिकडे ओढतं. काँक्रीटवर घुमतो तो आवाज वेगळाच. स्पीडोमीटर मात्र सुधारला. आधी काटा १०० ला असताना जीपीएस ९५ दाखवायचं, आता ९६ च्या वर. हवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरप्रमाणेच ठेवलीय, टायर थंड असताना. रुंद टायरला "दोन पॉइंट जास्त मार" सांगणारे भेटतील. लोड इंडेक्स वाढलाय, गरज नाही, उलट मधला पट्टा आधी झिजतो.

विमा कंपनीला ईमेलने कळवलं आणि उत्तर जपून ठेवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीशी न जुळणाऱ्या बदलांबाबत आहे. चाक पत्र्याच्या आत आणि व्यास मूळच्या जवळ ठेवण्यामागे हेही एक कारण होतं.

८१,०५० किमी. खर्र

घरची सगळी मंडळी महाडला लग्नाला. मागे आई, बाबा, मामा, डिकीत आहेराची भांडी. माणगावच्या अलीकडे एका न रंगवलेल्या गतिरोधकावर मागून डावीकडून खर्र. मामा म्हणाले, "भांडी असतील." भांडी असा आवाज करत नाहीत. पुढे तीनदा तसंच झालं आणि माझं लग्नात लक्ष लागलं नाही.

परत आल्यावर मागच्या टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारल्या, तिघा मित्रांना मागे बसवून सोसायटीच्या गतिरोधकावरून गाडी नेली. बाहेरच्या बाजूच्या रेघा पुसल्या गेल्या. टायर मडगार्डच्या आतल्या दुमडलेल्या पत्र्याला लागत होता. मित्रांचा निवाडा तयारच: हीट गनने रंग तापवून पत्रा वर दाबून घे. पण दुमड दाबताना रंगाला चीर गेली की आतून गंज, आणि कोकणच्या फेऱ्या आहेतच. शिवाय गणित जुळत नव्हतं. टायर बाहेर गेला होता फार तर पंधरा मिमी. रिकाम्या गाडीत जागा भरपूर दिसत होती. मग चाक एवढं वर गेलंच कसं?

मागचे शॉकअप उतरवले. रबरी धूळटोपी वर सरकवली आणि पिवळट भुगा हातात आला. शॉकअपच्या दांड्यावर फोमचा बफर असतो, शेवटच्या क्षणी चाकाला अडवणारा. अकरा वर्षांत त्याचा चुरा झाला होता. डावीकडे अर्धा शिल्लक, उजवीकडे नुसती कडी. म्हणजे मागची चाकं इतके दिवस मन मानेल तेवढी वर जात होती. अरुंद टायर आतल्या आत वर जायचा म्हणून कुणाला कळलं नाही.

दोन्ही बफर आणि धूळटोप्या नवीन घातल्या. पुन्हा खडू, पुन्हा तेच तीन मित्र (या वेळी वडापाव ठरवून), तोच गतिरोधक. रेघा जशाच्या तशा.

आता उरलेली कामं. रुंद आऱ्यांमधून मागचे गंजलेले ब्रेक ड्रम उघडे पडलेत, ते काळे रंगवायचेत. अलाइनमेंट ५,००० किमीनंतर पुन्हा. आणि एक काम कालच केलं: स्टेपनी अजून कंपनीचीच, लोखंडी, गोल बैठकीची. तिला नवे निमुळते बोल्ट चालत नाहीत. म्हणून जुन्यांपैकी पाच बोल्ट ग्रीस पुसून कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या मधल्या भोकातच ठेवलेत. पिशवीवर मार्करने "फक्त स्टेपनी" लिहिलंय, कारण पंक्चर झालं की गाडी कदाचित बाबा चालवत असतील.