नऊला सुटणारं कॉलेज आणि बाबांची पाच बावन्न

सध्या मुलुंडला आहे, गणपतीला आलेय तीन आठवडे, आणि आल्यापासून दर्शनाला येणारा प्रत्येक जण आरती झाली की प्रसादाची वाटी हातात घेऊन एकच विचारतोय, "काय गं, झालीस का वकील?" नाही झाले काकू. दोन वर्षं झाली, दोन राहिलीत, आणि त्यानंतरही लगेच काळा कोट वगैरे काही नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लंडनला आता अकरा वर्षं झाली, दिवसा एका कंपनीत पेरोल बघते, आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी एलएलबीला ॲडमिशन घेतली, पार्टटाइम, संध्याकाळची. आठवड्यातून तीन दिवस सहा ते नऊ. तिकडे संध्याकाळचं कॉलेज हे काही जगावेगळं नाही, बर्कबेक म्हणून जे कॉलेज आहे ते 1823 मध्ये दिवसभर काम करणाऱ्या माणसांसाठीच सुरू झालं आणि आजही ते संध्याकाळच्या वर्गांसाठीच ओळखलं जातं. माझं कॉलेज वेगळं, पण वर्गातली माणसं तशीच. एक बस ड्रायव्हर आहे, दोन नर्स आहेत, एक रिटायर झालेले आजोबा आहेत जे पहिल्या बाकावर बसतात आणि सगळं वाचून येतात, त्यांचा मला मनापासून राग येतो.

मला वाटलं होतं कायदा कठीण जाईल. कायदा ठीक आहे हो, कठीण आहे ते पावणेसहा. ऑफिसमधून धावत यायचं, लायब्ररीच्या बाहेरच्या जिन्यावर बसून डबा उघडायचा, त्यात सकाळचे पोहे, थंड होऊन दगड झालेले, नोव्हेंबरात बाहेर मिट्ट काळोख, बोटं गारठलेली, आणि एका हातात चमचा नि दुसऱ्या हातात मोबाइलवर आजची केस, जी काल रात्री वाचायची होती. घरी पोचेपर्यंत सव्वादहा. लेक झोपलेली असते. नवरा जागा असतो पण बोलण्याच्या अवस्थेत नसतो, आणि मी तर नसतेच. एकदा ट्यूब, म्हणजे तिथली मेट्रो, मधेच चाळीस मिनिटं अडकून पडली नि मी पोचले तेव्हा लेक्चर संपून लोक जॅकेट चढवत होते, त्या दिवशी मात्र तिथेच जिन्यावर बसून उरलेले पोहे खाल्ले आणि सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं.

त्या आठवड्यात फोनवर बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? पाच बावन्न चुकली की आमचंही तेच व्हायचं."

तर पाच बावन्न. बाबांनी पण लॉ केलंय, नोकरी करता करता, 1982 ते 85. तेव्हा त्यांचं मॉर्निंग कॉलेज होतं, सातचा वर्ग, म्हणजे मुलुंडहून पाच बावन्नची लोकल, व्हीटीला उतरून कॉलेज, मग साडेदहाला फोर्टातल्या बँकेत काउंटरवर. आई सांगते की पहाटे पोळ्या लाटताना हा माणूस ओट्याला टेकून कलमं पाठ म्हणायचा नि तिलाच ती पाठ झाली. पास झाले, वकिलीची सनद मात्र घेतली नाही, बँकेत प्रमोशन मिळालं आणि ते राहूनच गेलं. आम्हा मुलांना हे माहीत होतं, पण आजोबांना तबला यायचा हे जसं माहीत असतं तसं.

आता सकाळी सातचं तसं कॉलेज इकडे कुणी काढेल असं वाटत नाही कारण बार कौन्सिल, म्हणजे वकिलीवर आणि लॉच्या शिक्षणावर देखरेख करणारी संस्था, तिच्या 2008 च्या नियमांत वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात यातच घ्यायचे असं आहे, शिवाय सत्तर टक्के हजेरी. म्हणजे माझ्यासारखीला मुंबईत सहा ते नऊ लॉ करताच आलं नसतं. बाबांना हे सांगितलं तर ते पाच मिनिटं बार कौन्सिलवर बोलले, ते इथे लिहीत नाही.

परवाची गोष्ट. रात्री पाहुणे गेल्यावर मोदकाच्या डब्याशेजारी पुस्तक घेऊन बसले होते आणि बाबांना एक केस सांगितली, ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन, 1861 ची. दोन बाप आपसांत ठरवतात की लग्न झालं की दोघांनी नवऱ्या मुलाला पैसे द्यायचे. सासरा पैसे न देताच वारला. जावई त्याच्या इस्टेटीवर कोर्टात गेला आणि हरला, कारण त्या वचनाच्या बदल्यात जावयाने स्वतः काहीच दिलेलं नव्हतं. बाबा ताडकन म्हणाले, "हरेल कसा? चिन्नया!"

मला काही कळेना. मग ते आत गेले, माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली (गणपतीत, रात्री साडेअकराला, आई काय म्हणाली असेल ते समजून घ्या) आणि त्यातून खाकी कव्हर घातलेला कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट काढला, 1872 चा कायदा, कलम 2 (ड) खाली लाल पेन्सिलीची दुहेरी रेघ. आपल्याकडे मोबदला ज्याला वचन दिलं त्याने द्यावा "किंवा अन्य कोणीही". चिन्नया विरुद्ध रामय्या, मद्रास, 1882. आई मुलीला जमीन देते, अट एवढीच की दरवर्षी आईच्या भावंडाला ठरलेली रक्कम द्यायची. मुलगी नंतर म्हणते, त्यांनी मला काय दिलंय? कोर्ट म्हणालं, आईने दिलंय ना, पुरे, टाक पैसे.

एकाच इंग्रजांनी केलेला कायदा आणि दोन ठिकाणी दोन उत्तरं, आणि आम्ही दोघंही बरोबर. इंग्लंडला स्वतःला तिसऱ्या माणसाचा हक्क कायद्यात घालायला 1999 उजाडलं. बाबांना हे ऐकून इतका आनंद झाला की जणू मद्रासचा तो निकाल त्यांनीच दिला होता.

बरं, मेसेजमधून दोन गोष्टी सारख्या विचारल्या जातात त्या उरकते. स्टुडंट व्हिसावर तिकडे पार्टटाइम बॅचलर डिग्री करता येत नाही, तेव्हा त्यासाठी म्हणून यायचा विचार करू नका, मी आधीपासून तिथे स्थायिक आहे म्हणून जमलं. आणि डिग्री झाली म्हणजे सॉलिसिटर, म्हणजे तिकडचा वकील, नाही, एसक्यूई नावाच्या परीक्षा आहेत, पहिल्या टप्प्यातच दोन पेपर आणि प्रत्येकी 180 प्रश्न, वर दोन वर्षं कामाचा अनुभव. मामाने हिशोब करून माझं तेव्हाचं वय सगळ्यांसमोर जाहीर केलं, गरज नव्हती. वय नि अभ्यास निघाला की मला लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर आठवतं, बाबासाहेब 1921-22 ला तिथे राहायचे, एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएससी आणि दुसरीकडे ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टरी. त्या घरात उभं राहून मी पोह्यांबद्दल कुरकूर करायची नाही असं ठरवलं होतं, ते काही टिकलं नाही.

ऑक्टोबरपासून ट्रस्ट्सचा पेपर सुरू. बाबांनी माझा कॉन्ट्रॅक्टचा जुना पेपर मागून घेतला होता आणि आज सकाळी, शेजारच्या खोलीत असूनही, उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवलंय. फुलस्केपवर, चार फोटो, तिसरा उलटा. सगळी उत्तरं भारतीय कायद्याने, म्हणजे तिकडे नापास होतील. अजून सांगितलेलं नाही.