ठाणे ते मोत माउली, पायी

रविवारी पहाटे तीन वाजता तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चपाशी आम्ही नऊ जण जमलो. बांद्र्याच्या मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा होती. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर त्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. आईनं तरुणपणी ही वाट कितीदा तरी पायी केली. मला म्हणायची, "चल रे एकदा." मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. आता ती 78 वर्षांची आहे, गुडघे गेलेत. मी 53 चा.

निघण्याआधी बायबलमधलं स्तोत्र 90 वाचलं, मोशेची प्रार्थना. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षं, शक्ती असली तर ऐंशी. आमचे दिवस मोजायला शिकव, असं त्यात मागणं आहे. जांभळी नाक्यावर फुलांच्या टोपल्या उतरत होत्या, त्या ओलांडून नौपाड्याकडे वळताना मी खरंच मोजले. सत्तर धरले तर माझे 17 उरले. दिवस 6,205. पोटात गोळा आला.

याच ठाण्यात 1321 साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती. त्यांना कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला जायचं होतं, पण गलबत इथे येऊन लागलं. नंतर ओदोरिक नावाच्या धर्मबंधूनं त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. इतकी वर्षं मी या गावात राहतो, आणि जिवंतपणी त्यांना जिथे पोचता आलं नाही तिथे हाडं पोचली, हा विचार मला त्या पहाटे पहिल्यांदा शिवला. त्यांचेही बेत होतेच की.

मुलुंड चेकनाक्यापाशी आमच्यातल्या एका मावशींच्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळीनं बांधला, पण चाल मंदावली. बाकीचे पुढे गेले. आठच्या मिस्साला पोचायचं मी मनाशी पक्कं केलं होतं, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसता घड्याळ बघत होतो. मावशींच्या ते लक्षात आलं.

"तू हो पुढं, बाबा. माउली कुठं पळून जाते?"

मी थांबलो, आणि भांडुपपर्यंत त्या बोलत राहिल्या. सख्ख्या बहिणीशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण आता आठवतही नाही म्हणाल्या. या ईस्टरला उठून तिच्याकडे गेल्या, दोघी रडल्या, मग दर बुधवारी जाऊ लागल्या. जूनमध्ये बहीण गेली. "दोन महिने मिळाले रे," असं त्या म्हणाल्या, आणि ते देवानं ओंजळीत घातल्यासारखं म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

बायबलमध्ये इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात संत पौल वेळेचा सदुपयोग करा म्हणतो. मूळ ग्रीकमधलं क्रियापद बाजारातून विकत सोडवून घेण्याचं आहे, आणि वेळेसाठी त्यानं घड्याळातल्या काळाचा नव्हे, तर नेमक्या घडीचा शब्द वापरलाय. मी आजवर त्याचा अर्थ भरपूर काम उरका असा घेत आलो. मावशींनी नऊ वर्षं घालवून दोन महिने सोडवून आणले होते. बांद्र्याला पोचेपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

कुर्ल्यापासून ऊन लागलं. पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मेणाचे हात, पाय, घरं मांडलेली होती. आईसाठी मेणाचा पाय घेऊन वाहिला. मावशींनी साधी मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

माझा थोरला भाऊ कळव्याला राहतो. घराच्या वाटणीवरून सहा वर्षं झाली, आईच्या वाढदिवसालासुद्धा आम्ही वेगवेगळ्या वेळी जातो. परतीची लोकल स्लो होती. ठाणं आलं, मावशी उतरल्या. मी बसून राहिलो. गाडी खाडीवरच्या पुलावर चढली तेव्हा उठून दाराशी आलो.