बांगडा कुणासाठी?

"काकू, तुम्ही चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा सोडता, मग मांजराला बांगडा कसा चालतो?" सोसायटीत महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. लिफ्टच्या तीन मजल्यांत उत्तर मावत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मांजरं दूधपोळीवरच वाढली. सासूबाई वाटीत पोळी कुस्करून ठेवायच्या आणि बोके चांगले गुबगुबीत असायचे. मांजर दुधावर जगतं यावर माझा पंचांगाइतका विश्वास. माळ्यावरचे उंदीर आणि न्हाणीघरातल्या पाली मात्र कुणी हिशेबात धरल्या नव्हत्या. त्यांचं खरं जेवण ते होतं, पोळी नुसती तोंडी लावायला.

मग वाडा पडला, इमारत झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. मांजर पडू नये म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. सोनी त्याच घरात वाढली. दूधपोळी, दहीभात, दसऱ्याला श्रीखंड. पाचव्या वर्षी ती खुर्चीवर उडी मारताना चुकायला लागली. भर उन्हातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "खाते काय?" मी अभिमानानं यादी सांगितली. ते जरा वेळ गप्प बसले.

टॉरीन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं हे एक पोषकद्रव्य. १८२७ मध्ये ते बैलाच्या पित्तात सापडलं, म्हणून बैलाच्या लॅटिन नावावरून हे नाव. माणसाचं शरीर ते तयार करतं, मांजराच्या शरीराला पुरेसं करता येत नाही. ते खाण्यातूनच मिळायला हवं, आणि असतं मुख्यतः मांसमच्छीत. नाही मिळालं तर डोळ्याचा पडदा झिजतो, हृदयाचा स्नायू सैल पडतो. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की केसीन हेच प्रथिन असलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांचे पडदे टॉरीनअभावी खराब होतात. केसीन म्हणजे दुधातलंच प्रथिन, बघा! हृदयाचा संबंध १९८७ मध्ये कळला, तेव्हा तयार खाणं बनवणाऱ्यांनीही टॉरीन वाढवलं. हृदय वेळेत टॉरीन दिलं तर बरेचदा सुधारतं. गेलेला पडदा परत येत नाही. आणि मांजराला गोड चव कळतच नाही म्हणे, त्यासाठी लागणारं जनुकच मोडलेलं आहे. म्हणजे श्रीखंड मी माझ्याच हौसेसाठी भरवत होते.

"मग टॉरीनच्या गोळ्या द्या ना," मी म्हटलं. त्या कारखान्यात होतात, त्यात कुणाचा जीव जात नाही. डॉक्टर म्हणाले, "एकट्या टॉरीननं भागत नाही. गाजरातून 'अ' जीवनसत्त्व तिला करता येत नाही. असं एकेक भोक बुजवत बसायचं आणि सारखं रक्त तपासायचं. कराल तुम्ही, पण प्रयोग तिच्यावर होणार." मला राग आला. फी मी देत होते. पण पेशंट सोनी होती, आणि ते तिच्या बाजूनं बोलत होते. माझं मन राखायला गोड बोलले असते, तर मी आजही दूधपोळीच कुस्करत बसले असते.

कोंबडीलाही जीव असतो, मासळीलाही असतो. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते सापडल्याचा आवही मी आणत नाही. सोनीनं मात्र माझं व्रत मागितलं नव्हतं. तिला उचलून आणलं मी, जाळ्या लावल्या मी, उंदीर बंद केले मी.

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात पहिल्यांदा गेले ती नाकाला पदर लावूनच. कोळीण म्हणाली, "कालवणाला देऊ का तळायला?" मी म्हटलं, "मांजराला." ती हसली आणि दोन लहान बांगडे साफ करून दिले.

आता मुख्य खाणं टॉरीन घातलेलं पाकिटातलं, कारण नुसत्या मासळीवरही मांजराचं पोषण पूर्ण होत नाही. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा चिकन, गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर उकडून. काटे, हाडं मी काढते. उकडलेलं पाणी फेकत नाही, टॉरीन त्यात उतरतं. एकादशीला हे काम आमचे हे करतात.

सोनीला दिसत नाही. पण शेगडी पेटली की जाळीपाशी झोपलेली ती भिंतीला मिशा घासत, एकदाही न धडकता, गॅलरीच्या दारात येऊन बसते.