आधी परकर, मग ब्लाउज

शिवण शिकायचे मनावर घेतलेल्या बहुतेक जणींच्या डोळ्यांसमोर पहिल्या दिवसापासून असतो तो स्वतःच्या मापाचा, अंगासरशी बसणारा ब्लाउज. हे स्वाभाविकच आहे. लग्नसराईत ब्लाउज वेळेवर शिवून मिळणे ही आमच्या सांगलीत घरोघरची काळजी असते आणि अस्तराच्या ब्लाउजची शिलाई दरवर्षी वाढतच चालली आहे. तरीही, खणभागातल्या एका घरगुती शिवणक्लासात शिकू लागल्यापासून माझे मत असे झाले आहे की नवशिक्या माणसाने ब्लाउजला हात लावण्यापूर्वी साडीखाली घालायचा साधा, सहा कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा सहा उभ्या तुकड्यांचा) परकर शिवावा, आणि एकावर न थांबता कापड बदलून आणखी शिवावेत. कापडाचा स्वभाव, कात्रीची दिशा, सरळ टीप, दुहेरी शिलाई, दुमड आणि नाडी ओवायचा नेफा या शिवणाच्या मुळाशी असलेल्या सगळ्या गोष्टी परकरात येतात, आणि त्या येतात तेव्हा शिकणाऱ्याच्या हाताला सावरून घ्यायला पुरेसे कापड समोर असते.

जुन्या पद्धतीच्या क्लासांत सुरुवात झबल्या-टोपड्यापासून होत असे आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी होते. कापड थोडे लागते, बिघडले तरी नुकसान कमी, हा त्यामागचा विचार मला समजतो. पण झबल्याचा गळा आणि मुंढा, म्हणजे बाहीची गोलाई, इतके लहान असतात की त्यांच्या गोलाईवरून टीप फिरवणे मोठ्यांच्या कपड्यापेक्षा अवघड जाते. परकरात गोलाई जवळजवळ नाहीच. हातभर लांबीच्या सरळ रेषा एकामागून एक शिवायच्या असतात आणि हाताला वळण लागते ते अशाच लांब शिलाईने.

कापडापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते अर्धे शिवण तिथेच आहे. परकरासाठी सुती पॉपलीन घ्यावे. ३६ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, सव्वादोन मीटर कापड मध्यम बांध्याच्या बाईला पुरते. कापड पेठेतले जुने दुकानदार कापड मोजून कडेला कात्रीची छोटी खाच देतात आणि टर्रकन फाडून हातात ठेवतात. कात्रीने नीट का कापत नाहीत, असे पूर्वी मला वाटत असे. आता त्यातला अर्थ कळतो: फाडलेली कड आपोआप आडव्या धाग्यावर सरळ येते, कात्रीने कापलेली येईलच असे नाही. कात्रीने कापलेला तुकडा घरी आला असेल, तर कडेजवळचा एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचलावा आणि हलक्या हाताने ओढत न्यावा. कापड चुण्यांनी गोळा होते, धागा मध्येच तुटला तर त्याचे टोक शोधून पुन्हा ओढावा लागतो, पण तो पूर्ण निघाला की त्याच्या जागी एक बारीक, विरळ रेघ या काठापासून त्या काठापर्यंत दिसू लागते. त्या रेघेवरून कात्री चालवली की कापड खऱ्या अर्थाने सरळ होते. उभे आणि आडवे धागे म्हणजे काय, हे कोणत्याही आकृतीपेक्षा या एका कामातून मला अधिक स्पष्ट समजले.

त्यानंतर कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचे. ही पायरी पुष्कळ जणी गाळतात, आणि ती का गाळू नये हे आपल्याच भागातल्या यंत्रमागांकडे पाहिले की कळते. विट्याला किंवा इचलकरंजीला माग चालताना पाहिला असेल, तर बीमवरून, म्हणजे धागे गुंडाळलेल्या रुळावरून, येणारे उभे धागे किती ताणून धरलेले असतात हे लक्षात आले असेल. मागावर ते तुटू नयेत म्हणून त्यांना आधी खळही दिलेली असते. पहिल्या पाण्यात उरलीसुरली खळ सुटते, ताण सैल होतो आणि कापड आटते, तेही साधारणपणे रुंदीपेक्षा लांबीत जास्त. न धुता शिवलेला परकर पहिल्या धुण्यानंतर आखूड झाला, तर तो दोष शिलाईचा नसतो.

आता कळ्यांचे गणित. नितंबांचे माप ४० इंच धरू. परकर साडीच्या निऱ्यांसह चालताना अडू नये म्हणून त्यात २ इंच सैलपणा मिळवला की ४२ होतात. सहाने भागले की प्रत्येक कळीच्या वरच्या टोकाला ७ इंच आले, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच शिलाईची माया, म्हणजे शिलाईत जाणारे जादा कापड, सोडली की ८. खालचे टोक १६ इंचांचे ठेवावे. कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा शेजारी शेजारी मांडल्या की प्रत्येक कळी सरासरी १२ इंच रुंदी घेते आणि ३६ इंच पन्ह्यात बरोबर तीन बसतात. मात्र सरळ काठांना तिरप्या बाजू भिडत नसल्यामुळे दोन कळ्या अखंड निघतात आणि तिसरी दोन अर्ध्या भागांत, दोन्ही काठांना एकेक अशी निघते. हे दोन अर्धे भाग काठाला काठ लावून जोडायचे. काठ उसवत नाही, म्हणून तिथे पाव इंचाची साधी शिलाई पुरते, आणि त्यात गेलेले कापड सैलपणात सामावून जाते. अशा दोन लांब्या कापल्या की सहा कळ्या झाल्या आणि कापडाचा जवळजवळ एकही तुकडा वाया गेला नाही. ज्या कोणी पहिल्यांदा ही मांडणी बसवली असेल, तिच्या किंवा त्याच्या हिशेबी नजरेचे मला मनापासून कौतुक वाटते. राहिलेल्या पट्टीतून जोड देऊन नेफा निघतो.

कळीची लांबी ३९ इंच धरली, तर तिची प्रत्येक बाजू खाली येईपर्यंत ४ इंच बाहेर सरकलेली असते. म्हणजे ती बाजू उभ्या धाग्यावर राहत नाही, किंचित तिरकी होते, आणि तिरके कापड ताणले जाते. कापडाचा रिकामा तुकडा हातात घेऊन आधी काठाच्या दिशेने, मग आडवा आणि शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढून पाहावा: पहिल्या दिशेला तो जवळजवळ हलत नाही, दुसऱ्या दिशेला थोडा मान देतो आणि तिसऱ्या दिशेला चांगलाच लांबतो. ही तिसरी दिशा म्हणजे उरेब. कळीची बाजू पूर्ण उरेब नसली तरी उरेबाकडे झुकलेली असते, म्हणूनच कळ्या जोडताना टीप नेहमी रुंद टोकाकडून अरुंद टोकाकडे, म्हणजे घेराकडून कमरेकडे घालायची. उलट दिशेने घातली तर कडेचे धागे विस्कटतात आणि एक कळी दुसरीपेक्षा लांब होत जाते.

मशीनविषयी नवशिक्यांना जी भीती वाटते ती पायांतून जाते, असा माझा अनुभव आहे. आमच्या बाई पहिले काही दिवस दोरा ओवूच देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या दाबपट्टीखाली ठेवायचा आणि रिकाम्या सुईने रेघेवरून भोके पाडत जायचे. पायटा एका लयीत हलला नाही तर चाक उलटे फिरते, आणि दोरा ओवलेला असता तर तो तिथेच तुटला असता. चाकाला सुरुवातीची गती नेहमी उजव्या हाताने, आपल्या दिशेने द्यायची, हेही इथेच अंगवळणी पडते. पुढे कापडावर आल्यावर बाईंचे एक वाक्य क्लासातल्या प्रत्येकीने ऐकलेले आहे: "अगं, सुईकडं बघू नको. सुई आपल्या जागीच आहे. कापडाच्या कडेकडं बघ." दाबपट्टीची कड आणि कापडाची कड यांतले अंतर सारखे राहिले की टीप सरळच येते. कापड मागून ओढायचे नाही, पुढून ढकलायचेही नाही. खालचे दाते ते पुढे नेतात, हाताने फक्त दिशा द्यायची.

हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि मशीनच्या सुईचे अणीजवळ असते. या एवढ्याशा फरकावर सगळे यंत्र उभे आहे. अमेरिकेत एलियास हाऊ यांना १८४६ साली ज्या शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, त्यात अणीजवळ नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारा धोटा यांची जोडी होती. आपल्या मशीनमध्ये आज खालचा दोरा बॉबिनमधून येतो, पण तत्त्व तेच आहे. वरच्या दोऱ्याचा फास खाली जातो, खालचा दोरा त्यातून निघतो आणि दोघांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध पडते. म्हणूनच टीप तपासताना कापड उलटून पाहिलेच पाहिजे. उलट बाजूला सैल फास दिसत असतील तर बहुधा वरचा दोरा ढिला आहे किंवा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नाही. आधी दोरा काढून पुन्हा ओवावा, आणि तरीही फरक पडला नाही तरच ताणाच्या स्क्रूला हात लावावा. सुईच्या पाकिटावरचे ९०, १०० हे आकडे सुईची जाडी मिलिमीटरच्या शतांशात सांगतात, त्यांनाच आपण दुकानात १४ आणि १६ नंबर म्हणतो. पॉपलीनला १४ नंबर उत्तम, १६ही चालते. टाके इंचाला दहा ते बारा असावेत.

मशीन नवे घ्यावे की जुने, हा प्रश्न मला क्लासातल्या मुली विचारतात. पायाने चालणारे जुने काळे मशीन घरात असेल, तर ते मोडीत काढू नये, एवढे मी आग्रहाने सांगते. २०१९ च्या महापुरानंतर आमच्या भागात पाण्याखाली राहिलेली अशी मशीन कारागिरांनी पूर्ण खोलून, रॉकेलने धुऊन, तेल देऊन पुन्हा चालू केलेली मी पाहिली आहेत. लाकडी फळ्या फुगल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या. बिडाचे अंग मात्र टिकले.

कळ्या जोडताना ओव्हरलॉक, म्हणजे कडा उसवू नयेत म्हणून त्यांवर टाके घालणारे मशीन, नसेल, तर दुहेरी शिलाई घालावी. आधी दोन्ही कळ्यांच्या उलट बाजू आत ठेवून कडेपासून पाव इंचाला थोडी कमी अशी टीप मारायची, निघालेल्या दशा कापून टाकायच्या, इस्त्री करायची, मग कापड पालटून कडा आत बंद होतील अशी दुसरी टीप पाव इंचावर मारायची. शिकणाऱ्याला इस्त्री हे शिवून झाल्यानंतरचे काम वाटते. वास्तविक प्रत्येक शिलाईनंतर तिच्यावरून इस्त्री फिरली पाहिजे, कारण न दाबलेल्या शिलाईवर घातलेली पुढची टीप कितीही जपून मारली तरी वळवळते.

सहाही कळ्या जोडल्या की घेर जमिनीवर पसरून पाहावा. जोडांच्या ठिकाणी तो किंचित खाली उतरलेला दिसतो. कळीची तिरकी बाजू तिच्या मधल्या रेषेपेक्षा सुमारे पाच मिलिमीटर लांब असते, त्याचा हा परिणाम. प्रत्येक जोडापाशी तेवढे कापड वाटोळे उतरवून घ्यावे आणि मगच दुमड घालावी. दुमड अरुंद ठेवावी, कारण वाटोळ्या घेराला रुंद दुमड घातली की आतल्या बाजूला चुण्या पडतात. आधी हाताने कच्चा धावदोरा घालून घेतला तर मशीनवर काम सोपे जाते. हा धावदोरा वेळ खातो असे म्हणून तो टाळणाऱ्यांना मी अनेकदा सांगते की उसवायला लागणारा वेळ त्याहून पुष्कळ जास्त असतो.

शेवटचे काम नेफ्याचे आणि बाजूच्या फटीचे. एका जोडावर वरून पाच-सहा इंच शिलाई न घालता फट सोडायची, म्हणजे परकर नितंबांवरून सहज चढतो, आणि नेफ्याची दोन्ही तोंडे त्या फटीवर उघडी ठेवून त्यांतून नाडी ओवायची. विकतचे परकर सर्वांत आधी कुठे फाटतात हे प्रत्येक घरात माहीत आहे: फटीच्या खालच्या टोकाला. नाडी आवळली की दोन्ही बाजूंचा सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो आणि तिथे तर शिलाई नुकतीच सुरू झालेली असते. म्हणून त्या जागी आतून दोन इंचांचा दुहेरी तुकडा लावावा, फटीच्या दोन्ही कडा दुमडून त्यावर टीप आणावी, आणि टोकाला मशीन बाजूला ठेवून दुहेरी दोऱ्याने आडवे टाके घालून त्यांवर काजाचा टाका भरावा. बाजारातल्या परकराला एवढा वेळ कोणी देत नाही. स्वतःसाठी शिवताना तो जरूर द्यावा. माझ्या परकरांची ही टोके मी हातानेच शिवते, आणि शेजारच्या ताईंच्या विकतच्या परकरांनाही आता तसेच काज भरून देते.